शेततळ्याची तक्रार: महालेखाकार की एसीबी?

शेततळ्याच्या कामात काळंबेरं दिसलं की एकच अर्ज महालेखाकार कार्यालयाला आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागालाही (एसीबी) धाडला जातो. पण महालेखाकार पैशाचा माग काढतात, एसीबी माणसाचा. इथे गल्लत झाली की हातातला पुरावा वाया जातो.

महालेखाकार म्हणजे कॅगचं, सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं, राज्यातलं कार्यालय. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला. ते सगळी कामं तपासत नाहीत, नमुन्याची निवडतात. समजा, ३० × ३० × ३ मीटरचं तळं आहे. कडांचा उतार १:१ धरला तर खोदाई २,१९६ घनमीटर येते. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे कामाची मापं नोंदवायच्या सरकारी वहीत, खोली ३ मीटर आणि जागेवर २ मीटरच भरली, तर खोदाई होते जेमतेम १,५७१. म्हणजे ६२५ घनमीटर माती फक्त कागदावर निघाली. संयुक्त पाहणीत हे टिपलं जातं, अर्धसमास पत्र (लेखापरीक्षकाची लेखी विचारणा) देऊन संबंधित कार्यालयाकडून खुलासा मागवतात. खुलासा पटला नाही तर आक्षेप निरीक्षण अहवालात चढतो. मोठा असेल तर कॅगच्या अहवालातून विधिमंडळात आणि पुढे आमदारांच्या लोकलेखा समितीसमोर जातो. मात्र गुन्हा नोंदवणं, अटक करणं हे अधिकार त्यांना नाहीत.

खुलासा देणाऱ्या कार्यालयाचं ठरलेलं उत्तर असतं, 'गाळ साचला.' दोन पावसाळ्यांनंतर ते खोडणं फार अवघड. म्हणून पाणी भरण्याआधीच टेप लावून फोटो काढा, मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागवा.

जलयुक्त शिवार या राज्य सरकारच्या जलसंधारण योजनेचं उदाहरण बोलकं आहे. ९,६३३.७५ कोटी खर्चूनही भूजलात फारशी वाढ नाही, असं कॅगने म्हटलं. अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आला. त्यावरून कुणावर थेट गुन्हा झाला नाही. कोणत्या कामांची एसीबीकडून चौकशी करायची हे ठरवायला सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वेगळी समिती नेमली.

एसीबीला मात्र नाव लागतं: कोणी, कधी, किती मागितले. अनुदानाच्या फाइलसाठी पैसे मागितले तर देण्याआधीच १०६४ वर फोन करा. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मगच सापळा. नोटांना अँथ्रासिन पावडर लावतात. ती अतिनील दिव्याखाली चमकते. पण नुसती हाताला पावडर लागून भागत नाही. मागणी सिद्ध झाली नाही तर खटला कोसळतो, म्हणून पडताळणीतलं रेकॉर्डिंग फार मोलाचं. जुन्या कामांतल्या निर्णयांची चौकशी करायची तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ खाली पूर्वपरवानगी घ्यावी लागते, त्यात वेळ जातो. रंगेहाथ पकडताना ती लागत नाही.

नाइलाजाने पैसे दिले गेलेच असतील तर सात दिवसांच्या आत कळवा. या कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी ठरतो. जबरदस्तीने दिली आणि मुदतीत कळवलं, तरच सुटका.