हिवाळ्यात घरात फुलणारी विदेशी फुलझाडे

मुख्यतः उष्ण प्रदेशांतली फुलझाडे थंड हवामानाच्या ठिकाणी, घरात, कुंडीत वाढवून हिवाळ्यात फुलवण्याची पद्धत. फॅलेनॉप्सिस ऑर्किड, पॉइन्सेटिया, ख्रिसमस कॅक्टस, ॲमॅरिलिस, क्लिव्हिया, सायक्लॅमेन आणि आफ्रिकन व्हायोलेट ही यांतली नेहमीची मंडळी.

या झाडांचे हिवाळ्यात हाल होतात ते थंडीने, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात घर तापवता येते, दिवस लांबवता येत नाही. खोलीत ऊब वसंतातली आणि उजेड ऐन हिवाळ्यातला, अशी फारकत झाडाला निसर्गात कधी सोसावी लागत नाही. उबेमुळे ते वाढू पाहते, पण उजेडाअभावी पुरेसे अन्न तयार होत नाही आणि लांबट, फिकी, लुळी पालवी फुटते. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, खोलीच्या मध्यावर बहुधा काही शेच. डोळे सरावतात म्हणून खोली आपल्याला उजळ वाटते. पानांना तशी सोय नाही. म्हणून कुंडी खिडकीलगत हवी. दोन पावले आत सरकवली तरी मोठा फरक पडतो.

कोरडेपणा हे दुसरे दुखणे. ० अंश सेल्सिअसची बाष्पाने पूर्ण भरलेली हवा दर घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम बाष्प बाळगते. तीच घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची क्षमता १७ ग्रॅमवर जाते, बाष्प मात्र तेवढेच राहते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली. दमट जंगलातून आलेल्या ऑर्किडला ५० टक्के तरी लागते. पानांवर पाणी फवारण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. कुंड्या एकमेकींजवळ ठेवणे आणि हीटरपासून लांब नेणे त्याहून कामाचे.

फूल येणे ही वाढीपेक्षा वेगळी गोष्ट. दिवस-रात्रीच्या लांबीवर अनेक वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात. मूळच्या मेक्सिकोतल्या पॉइन्सेटियात ती ठळक दिसते. त्याचा लालभडक भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, रंग बदललेली पाने, म्हणजेच छदे; खरी फुले मधोमध पिवळसर मण्यांसारखी असतात. मागच्या वर्षीचे झाड पुन्हा लाल करायचे तर त्याला सुमारे आठ आठवडे रोज १४ तास सलग काळोख द्यावा लागतो. संध्याकाळी पाच वाजता कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालायचे, सकाळी सातला काढायचे आणि दिवसभर भरपूर उजेड द्यायचा. अधूनमधून रात्री दिवा लागला तरी मेहनत वाया जाऊ शकते. त्यामुळे बहुतेक लोक दरवर्षी नवे झाड आणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

ख्रिसमस कॅक्टस हे निवडुंगाच्या कुळातले असले तरी वाळवंटातले नाही. आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगरांत ते झाडांच्या फांद्यांवर वाढते, म्हणून त्याला पूर्ण कोरडे ठेवणे चूक. तिकडे ते मे महिन्याच्या सुमारास फुलते, उत्तर गोलार्धात नाताळच्या आसपास. वाढणाऱ्या रात्री हीच त्याची खूण असल्याने गोलार्ध बदलला की वेळापत्रक आपोआप बदलते. थंड रात्री काळोखाची उणीव काही अंशी भरून काढतात. कळ्या धरल्यावर मात्र कुंडी हलवू नये. जागा, ऊब किंवा पाणी एकदम बदलले की त्या गळतात. पिकलेल्या फळांची टोपली शेजारी असली तरी त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे तसेच घडते.

फॅलेनॉप्सिसला रात्रीच्या लांबीचे फारसे सोयरसुतक नसते. फुलाचा दांडा फुटण्यासाठी त्याला काही आठवडे २५ अंशांच्या खालचे तापमान लागते. सर्वांत उबदार कोपऱ्यात जपलेले ऑर्किड वर्षानुवर्षे नुसती पाने काढत बसते, ते यामुळेच. क्लिव्हियाचेही असेच: हिवाळ्यात सहा-आठ आठवडे १० ते १३ अंशांत, जवळजवळ पाण्यावाचून विश्रांती दिली नाही तर दांडा पानांतच अडकून फुलतो. नवशिक्याला ॲमॅरिलिस सर्वांत सोपे. चांगल्या पोसलेल्या कंदात कळी आधीच तयार असते आणि लावल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फुलते. या नावाने विकले जाणारे कंद खरे तर दक्षिण अमेरिकेतल्या हिप्पिॲस्ट्रम प्रजातीचे असतात. खरे ॲमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेतले.

हिवाळ्यात ही झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. कुजलेल्या मुळांचे झाड तहानलेल्यासारखेच मलूल दिसते, मग मालक आणखी पाणी घालतो. कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली तरच पाणी द्यावे. ऑर्किडची मुळे स्वतःच सांगतात: कोरडी असताना रुपेरी, भिजली की हिरवी. आफ्रिकन व्हायोलेटच्या लवदार पानांवर गार पाणी पडले तर फिकट डाग उमटतात आणि ते जात नाहीत.

युरोपात ही हौस आधी श्रीमंतांपुरतीच होती. व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्यांची झाडे थंडीत आत ठेवण्यासाठी सतराव्या शतकात खास इमारत होती. १८२९ मध्ये नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवला, तेव्हा त्यातल्या ओल्या मातीतून नेचा उगवला. त्यावरून निघालेल्या काचपेट्यांमुळे रोपे महिनोन्महिने समुद्रप्रवास सोसू लागली. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काचघरे स्वस्त झाली.

कोरड्या उबेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या झाडांवरच्या किडी फोफावतात. नवे झाड दोन-तीन आठवडे वेगळे ठेवलेले बरे. पॉइन्सेटियाच्या चिकाने कातडीची आग होऊ शकते, पण त्याची ख्याती वाजवीपेक्षा भयंकर आहे. ॲमॅरिलिस आणि सायक्लॅमेनचे कंद मात्र खरोखर विषारी असतात आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावे लागतात.