व्यायाम करताना पापणी किती वेळा लवते?

शांत बसलेल्या माणसाची पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते. पळायला लागल्यावर हा आकडा वाढतो की घटतो? दोन्ही होतं, कारण पळताना पापणीला दोन बाजूंनी ओढ असते.

एक ओढ मेंदूची. नजर कशावर खिळली की मेंदू पापणी लवणं लांबणीवर टाकतो. एका उघडझापेला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू जवळजवळ 10 मीटर येतो, म्हणजे अर्धी खेळपट्टी. जपानमध्ये फॉर्म्युला गाड्यांच्या चालकांच्या पापण्या शर्यतीच्या ट्रॅकवर नोंदवल्या गेल्या. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पापणी दर फेरीत ठरावीक ठिकाणीच लवताना दिसली. वेग किंवा दिशा झपाट्याने बदलताना ती थोपवली जायची.

दुसरी ओढ डोळ्याची. बुबुळावरचा अश्रूंचा थर जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा असतो. ताशी 25 किलोमीटरने सायकल चालवली की वारं नसतानाही सेकंदाला 7 मीटर वेगाची हवा तोंडावर येते, थर लवकर सुकून फाटतो आणि पापणी पुन्हा पुन्हा लवते. ट्रेडमिलवर हा वारा नसतो, त्यामुळे तिथला आकडा रस्त्यावरच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

त्यात घाम. मिठामुळे डोळे झोंबतात असं सगळेच म्हणतात, पण घाम सहसा अश्रूंपेक्षा कमी खारट असतो! झोंबतो तो अश्रूंपेक्षा आम्लधर्मी असल्यामुळे, आणि बरेचदा त्याच्यासोबत ओघळलेल्या सनस्क्रीनमुळे. कपाळाला घामपट्टी बांधा, भुवयांच्या वर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा. डोळे चोळू नका. साध्या पाण्याने धुवा.

वजन उचलताना डोळे गच्च मिटतात, ती गोष्ट वेगळी. तो जोर लावताना चेहरा आवळण्याचा भाग आहे, उघडझापेच्या मोजणीत तो धरू नये.

स्वतः मोजायचं असेल तर पंखा बंद करा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि मोबाइल स्टँडवर लावून सेकंदाला निदान 60 फ्रेमचं चित्रण करा. आधी 3 मिनिटं न बोलता, समोरच्या भिंतीकडे पाहत बसा. बोलताना पापण्या जास्त लवतात. मग 10 मिनिटं ट्रेडमिल, त्यातल्या शेवटच्या 2 मिनिटांचं चित्रण. थांबल्यावर लगेच आणि 5 मिनिटांनी पुन्हा. चित्रण सावकाश चालवून मोजा. पापणी बाहुलीपर्यंत येऊन परत गेली तर ती अर्धी उघडझाप, तिचा हिशोब वेगळा ठेवा: अशाने बुबुळाचा खालचा भाग कोरडाच राहतो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपण मोजतोय हे ठाऊक असलं की आकडा बिघडतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पळवा आणि खरं कारण नंतर सांगा.

दमणूक, अपुरी झोप आणि जास्त चहा-कॉफी यांनी खालची पापणी फडफडते, तिचा या मोजणीशी संबंध नाही. ते बहुधा आपोआप थांबतं. मात्र काही आठवड्यांनंतरही चालूच राहिलं, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा गालही ओढला जाऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा.