नवीन घर घेतलं, आता भाड्याचा करार मुदतीआधी कसा सोडायचा (सोलापूर)

जुळे सोलापूरला फ्लॅटचं खरेदीखत झालं त्याच संध्याकाळी मी पेढे घेऊन घरमालकांकडं गेलो आणि "काका, पुढच्या महिन्यात घर सोडतोय" असं सांगून आलो, ते पण "लई चांगलं झालं बघा" म्हणाले, आणि महिन्यानं चावी द्यायला गेलो तर म्हणाले तोंडी कोण धरतंय, नोटीस आजपासून. एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधनं गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा करार काढून वाचा. आपल्याकडं बहुतेक ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देणारा करार) असतो, त्यात दोनच गोष्टी शोधायच्या, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) किती आणि नोटीस किती. लॉक-इन संपला असेल तर कारण द्यायची गरज नाही, कलमात लिहिलंय तेवढ्या दिवसांची नोटीस दिली की झालं. लॉक-इन चालू असेल तर मात्र "मी स्वतःचं घर घेतलंय" एवढ्यावर सुटका होत नाही, मालक उरलेल्या महिन्यांचं भाडं मागू शकतात. मग समोर बसून बोलायचं, दुसरा भाडेकरू बघून देतो म्हणायचं, आणि ते तयार झाले तर तिथंच लिहून सही घ्यायची. करारावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर नोटीसवर पण दोघांच्या सह्या पाहिजेत.

नोटीस कधी द्यायची हे सगळ्यात महत्त्वाचं. खरेदीखत झालं म्हणजे ताबा मिळाला असं नसतं, बँकेचा चेक निघायचा असतो, बिल्डरचं लाइट मीटरचं काम राहिलेलं असतं. ताब्याचं पत्र हातात आल्यावरच नोटीस द्या, मध्ये पंधरा दिवस दोन्हीकडचा खर्च पडला तरी चालेल पण सामान घेऊन रस्त्यावर यायची वेळ नको. शिवाय महिना १ तारखेपासून धरायचा का नोटीसच्या तारखेपासून, हे करारात बघा, ५ तारखेला दिलेली नोटीस काही मालक पुढच्या १ पासून मोजतात.

नोटीसमध्ये कराराची तारीख, दस्त क्रमांक (कराराच्या नोंदणीचा नंबर), घराचा पत्ता, कुठल्या तारखेला ताबा देणार आणि डिपॉझिट कुठल्या खात्यात पाहिजे एवढंच लिहायचं. एक प्रत हातात देऊन दुसरीवर "मिळाली" म्हणून तारखेसकट सही घ्यायची, सही देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पण टाका.

कागद असे जवळ ठेवा: नोंदणी झालेल्या कराराची प्रत, करारावर नाव असलेल्या भाडेकरूंचं आधार, डिपॉझिट दिल्याचा बँकेचा पुरावा, शेवटपर्यंतच्या भाड्याच्या पावत्या, महावितरणचं भरलेलं बिल आणि सोसायटी असेल तर मेंटेनन्सची पावती. खरेदीखताची प्रत मालकांना द्यावीच लागते असं काही नाही.

सोडायच्या दिवशी घाई करू नका. मालकांना बोलावून पंखे, ट्यूब, गिझर, नळ एकेक चालू करून दाखवा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. आपल्याकडं पाणी काही दिवसाआड येतं, त्यामुळं टाकी भरलेली असतानाच नळ-फ्लश दाखवा, नाहीतर नंतर गळतीचे पैसे कापले जातात. मग एका कागदावर "आज ताबा आणि चाव्या मिळाल्या, डिपॉझिट इतकं परत दिलं, काही येणं-देणं नाही" असं लिहून तुमच्या आणि मालकांच्या सह्या. चावी आणि डिपॉझिट एकाच वेळेला, हे धरून ठेवा.

करारातल्या कलमानं नोटीस देऊन सोडलं तर एवढं पुरतं. पण दोघांच्या संमतीनं लॉक-इनमध्येच करार मोडताय तर नोंदणी झालेल्या कराराचा रद्दलेखपण (करार रद्द केल्याचा दस्त) नोंदवून घेतलेला बरा, तुमच्या नावावर चालू करार राहत नाही. आधी भरलेली स्टॅम्प ड्युटी काही परत मिळत नाही, ती सोडून द्या.

डिपॉझिट अडकलं तर वकिलाची नोटीस आणि नंतर दिवाणी कोर्ट, त्या वेळी पोचसहीची नोटीस आणि ताब्याचा कागदच कामाला येतो. नोकरीवाल्यांनी ऑफिसला एचआरएसाठी (पगारातला घरभाडे भत्ता) घर सोडल्याची तारीख कळवा, आणि आधार, गॅस, बँकेतला पत्ता त्याच आठवड्यात बदलून घ्या, कर्जाची पत्रं जुन्या पत्त्यावर जायला लागली की लई त्रास होतो.