सफाई कामगार आणि कचरावेचक: भंगार कोणाचं?

मुंबईतल्या देवनारच्या डंपिंग ग्राउंडची बातमी आली की कोणीतरी हमखास म्हणतं, "या कचरा वेचणाऱ्या बायकांना महापालिकेत सफाई कामगार म्हणून घ्या, हातमोजे द्या, प्रश्न मिटला." तळमळ खरी असते, पण दोन वेगळी कामं एक समजली जातात.

सफाई कामगार सगळ्यांना माहीत आहे. झाडतो, गाडी भरतो, महापालिकेकडून किंवा ठेकेदाराकडून पगार घेतो. गणवेश, हजेरी, पाळी हे फरक किरकोळ आहेत.

कचरावेचक बाईला पगार कोणीच देत नाही. तिची कमाई मालातून येते. पाण्याची बाटली हाती लागली की ती बूच काढते, कारण बुचाचं प्लास्टिक वेगळं. बिनरंगी बाटली एका गोणीत, रंगीत दुसरीत, दुधाची पिशवी तिसरीत. वेफर्सचं चकचकीत पाकीट तिथेच राहतं. भंगारवाला ते घेत नाही. ही वर्गवारी तिचं कसब आणि तो माल तिचं भांडवल. त्यामुळे आधी विचारायचं ते हे: भंगारावर हक्क कोणाचा?

कचरा डेपो 'सुधारताना' नेमका इथेच घात होतो. भिंत उठते, वजनकाटा बसतो, ठेकेदार येतो. त्याचं बिल टनावर निघत असेल, तर वेचून बाहेर गेलेल्या प्रत्येक गोणीने ते कमी होतं. सुका माल तोच विकणार असेल, तर वेचक त्याला नकोशीच. देवनारला २०१६ च्या मोठ्या आगीनंतर वेचकांना फाटक बंद झालं. अशा वेळी ओळखपत्र आणि हातमोजे वाटण्याला 'सहभाग' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

ब्राझीलमधल्या रिओचा जार्दिम ग्रामाशो डेपो २०१२ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथल्या वेचकांना भरपाई मिळाली. म्हणजे त्यांचा रोजगार बुडतोय, एवढं तरी मान्य झालं. पण मला त्याहून पुण्याची वाट पसंत आहे. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून वेचकांना संघटित करते आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला. सभासद दारोदार कचरा उचलतात, घरटी शुल्क घेतात आणि भंगार विकून आलेले पैसेही त्यांचेच. दारातच वेगळा मिळालेला पुठ्ठा कोरडा असतो. डेपोवर ओल्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला तो भाव मिळत नाही. शिवाय तेवढा माल डेपोपर्यंत जातच नाही.

तुमच्या शहरात डेपोची निविदा निघाली, तर सुक्या मालाची मालकी कोणाला दिली आहे, ते कलम आधी शोधा.