गुत्तीचा निळा कोळी

मोबाइलवर त्याचा फोटो आला की बहुतेक जण म्हणतात, ‘रंग भरलाय, असा कोळी नसतोच!’ असतो. आणि तो आपल्याच देशातल्या आंध्र प्रदेशातला आहे. नाव पोसिलोथेरिया मेटॅलिका, टॅरँटुला या मोठ्या, केसाळ कोळ्यांच्या कुळातला. मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांमुळे आपल्याला गुत्ती ठाऊक असते. तिथे रेल्वेच्या लाकूड-वखारीत तो सापडला आणि १८९९ मध्ये ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ पोकॉक यांनी त्याचं वर्णन केलं. मग शंभर वर्षं पत्ता नाही. २००१ मध्ये गवसला तो शंभरेक किलोमीटर दूर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. गुत्तीला तो बहुधा ओंडक्यांबरोबर आला असावा, कारण जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो.

मला वेड लावलंय ते त्याच्या निळाईने. ती कुठल्याही रंगद्रव्यातून येत नाही. त्याचा निळा केस आडवा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर छेद फुलासारखा दिसतो: कडेने पाकळ्या आणि पाकळीत पापुद्र्यावर पापुद्रा. प्रत्येक पापुद्र्यावरून थोडा प्रकाश परततो. तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास असली की या परतलेल्या लाटांचं शिखर शिखरावर बसतं आणि निळा उजळतो. इतर लाटांचं तसं जुळत नाही, त्या फिक्या पडतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग असेच उमटतात. पण तिथे मान हलवली की रंग पालटतो, कारण कोन बदलला की लाटांनी कापलेल्या अंतरातला फरकही बदलतो. कोळ्याचा निळा मात्र जवळपास निळाच राहतो. पाकळ्या चहूबाजूंनी आहेत. कुठूनही पाहा, एखादी पाकळी नेमक्या कोनात तुमच्यासमोर असतेच. आणि टॅरँटुलांमध्ये असा निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला, असं २०१५ च्या अभ्यासात दिसलं!

अंगावर फोड उठले की ‘कोळी मुतला’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ते फोड बहुतेकदा नागिणीचे किंवा पिडेरस नावाच्या किड्यामुळे आलेले असतात. कोळ्याला उगाच मारू नका. हा निळा कोळी चावला तर खूप दुखतं, स्नायूंत गोळे येतात, पण माणूस दगावल्याची नोंद नाही.

त्याचा ज्ञात प्रदेश शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २००८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. जळणासाठी एक पोकळ झाड पडलं, की त्या ढोलीतले कोळी उघड्यावर येतात. वर पाळायला म्हणून परदेशात त्याला मागणी. २०१९ मध्ये पोसिलोथेरिया या संपूर्ण गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक कराराचं नियंत्रण आलं, तोवर कित्येक देशांतल्या काचपेट्यांत तो पोचलेला होता.