कडूपणा टिकतो, सुवास उडतो : हॉप्सच्या बिअरची पारख कशी घडली

हॉप्सची क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअरीत केलेली, बिअर पहिल्यांदा चाखणारा बहुधा ‘कडू आहे’ म्हणून थांबतो. शेरा खरा असतो, पण तेवढ्यावर गुण देता येत नाहीत. हॉप या वेलाच्या एकाच बोंडातून बिअरमध्ये दोन गोष्टी उतरतात, कडूपणा आणि सुवास, आणि दोघांचा स्वभाव उलटा आहे. कडूपणा तासभर उकळून मिळतो आणि महिनोन्महिने टिकतो. सुवास उकळला की वाफेबरोबर जातो, आणि जपून बाटलीत भरला तरी उन्हाळ्यात काही दिवसांत विटतो. आजची पारख या दोघांकडे वेगवेगळं बघते. ही नजर दोनशे वर्षांच्या व्यापारातून, पाण्यातून आणि शेतीतून घडली. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा सोलापुरात ग्लास हातात घेणाऱ्याला तिचा उपयोग जास्तच आहे.

हॉप हा गांजाच्या कुळातला वेल. मादी वेलाच्या बोंडांत, पाकळ्यांच्या बुडाशी, ल्युपुलिन नावाची पिवळी चिकट पूड असते. तिच्यातली अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) उकळत्या काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, तासभर राहिली की त्यांची रचना बदलते, ती आयसो-अल्फा आम्लं होतात आणि कडू लागतात. तरीही घातलेल्या आम्लांपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच बिअरमध्ये उतरतो. याच आम्लांमुळे लॅक्टोबॅसिलससारख्या आंबट करणाऱ्या जिवाणूंची वाढ अडते. फ्रिज नव्हते त्या काळात हॉप्सची खरी किंमत ही होती. सुवास त्याच पुडीतल्या तेलांचा असतो : मायर्सिन, लिनॅलूल, जिरॅनिऑल. म्हणून सुवासाचे हॉप्स उकळी संपता संपता टाकतात किंवा आंबवण झाल्यावर बिअरमध्ये घालतात. या दुसऱ्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात, आणि आयपीए या हॉप्सप्रधान बिअरप्रकारात आज त्याचं प्रमाण लिटरला ३ ते ८ ग्रॅम सहज असतं.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल (पेल एल ही फिकट रंगाची बिअर), हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी कुणीतरी मुद्दाम शोधून काढली, अशी कथा सर्रास सांगतात. तिला पुरावा नाही. लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी १७५२ पासून चालू होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच्याच ब्लॅकवॉलला नांगरत. जहाजांच्या कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा माल नेऊन विकायची मुभा होती, आणि हॉजसन त्यांना वर्षभराहून जास्त उधारी द्यायचा. बिअर निवडली गेली ती या सोयीमुळे. ती नव्याने शोधलेली नव्हती. इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या घरी ऑक्टोबरात गाळून वर्षानुवर्षं मुरवायची जी भारी पेल एल असे, तिच्याच जातीची ही होती. उष्ण मुलुखात पाठवायच्या बिअरला हॉप्स वाढवावेत हे ब्रुअरना अठराव्या शतकातच माहीत होतं. शिपायांच्या वाट्याला जास्त करून काळी पोर्टर यायची. पेल एल साहेबांच्या टेबलावर जाई.

आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून पिंप मुंबई-कलकत्त्याला पोचायला चार ते सहा महिने लागत. पिंपात सुके हॉप्स टाकलेले असत. वाटेत उरलेली साखर यीस्ट हळूहळू खाऊन टाकी आणि बिअर कोरडी, निवळ, झणझणीत होई. कडूपणा शाबूत राही, ताज्या बोंडांचा सुवास मात्र बव्हंशी जाई. म्हणजे त्या काळची ‘चांगली’ बिअर म्हणजे प्रवास सोसून न आंबता पोचलेली बिअर. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातीत दिसतं ते १८२९ मध्ये, सिडनीच्या एका वर्तमानपत्रात. हॉजसनच्या बिअरच्या उमेदीच्या काळाहून कितीतरी नंतर.

१८२०च्या सुमारास हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून सगळा नफा घ्यायचा प्रयत्न केला. कंपनीने मग इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठलं. बर्टनच्या ब्रुअरांचा रशियाशी असलेला व्यापार १८२२च्या जकातीने बसला होता. ते नव्या गिऱ्हाइकाच्या शोधातच होते. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं आणि त्यात लिटरला ६०० मिलिग्रॅमहून जास्त सल्फेट असतं. सल्फेटने कडूपणा कोरडा, टोकदार आणि स्वच्छ लागतो. लंडनचं पाणी बायकार्बोनेटचं; काळ्या पोर्टरला उत्तम, फिकट एलला रांगडं. बर्टनच्या बिअरने काही वर्षांत हॉजसनला मागे टाकलं.

इथे सोलापूरकराने थोडं थांबावं. दख्खनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड असतं, पण ते जडपण मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटचं असतं, बर्टनसारखं सल्फेटचं नसतं. असं पाणी तसंच वापरलं तर माल्ट भिजवताना सामू ५.२ ते ५.५ या पट्ट्यात उतरत नाही, सालीतलं टॅनिन सुटतं आणि कडूपणा घशाशी खरवडतो. म्हणून ब्रुअर आरओच्या पाण्यापासून सुरुवात करून जिप्सम घालतात. १० लिटरला १ ग्रॅम जिप्समने सल्फेट लिटरमागे सुमारे ५६ मिलिग्रॅमने वाढतं. २०० हवं असेल तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. चाखताना खरखरीत कडूपणा आढळला की हॉप्सना दोष देण्याआधी पाण्याचा विचार करावा.

सुवासाची गोष्ट इंग्लंडमधून निघून दुसऱ्या खंडात घडली, आणि तीही शेतात. इंग्लंडमधल्या वाय कॉलेजात अर्नेस्ट सॅल्मन यांनी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानटी हॉप्सचा इंग्लिश जातींशी संकर केला. १९३४ला आलेली ब्रुअर्स गोल्ड ही त्यातलीच. अल्फा आम्लं भरपूर, पण वास उग्र ‘अमेरिकन’ म्हणून इंग्लिश ब्रुअर नाक मुरडत. पुढे अमेरिकेत ऑरेगनच्या संशोधन केंद्रातून १९७२ला कॅस्केड ही जात बाहेर आली. तिच्यात पपनसाची साल आणि फुलं दरवळतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ला लिबर्टी एलमध्ये, आणि सिएरा नेवाडाने १९८०ला आपल्या पेल एलमध्ये कॅस्केड पुढे आणली. ज्या वासाला खोड मानत होते तोच आता विकत घेण्याचं कारण झाला. सिमको, सिट्रा, मोझॅक या नंतरच्या जाती याच वाटेच्या : आंबा, पेरू, पॅशनफ्रूट, देवदाराचा चीक.

आपल्याकडे क्राफ्ट बिअर उशिरा आली. पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी २००९ला सुरू झाली. हॉप्स मात्र बहुतेक परदेशी. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात वेल होतो, सोलापुरात होणार नाही. नीट वाढून फुलायला त्याला उन्हाळ्यात लांब दिवस लागतो. सोलापूरचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा. त्यामुळे हॉप्स गोळ्यांच्या रूपात, हवाबंद चंदेरी पाकिटांत येतात आणि ती पाकिटं उणे १८ अंशांना ठेवावी लागतात. बाहेर राहिलेल्या जुन्या हॉप्सना शिळ्या चीजचा, घामट मोज्यांचा वास येतो आणि तो थेट बिअरमध्ये उतरतो.

मोजायची सुरुवात कडूपणापासून झाली, कारण तो मोजता येतो. बिअर आम्लयुक्त करून आयसो-ऑक्टेनमध्ये घुसळायची, २७५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण बघायचं आणि आकड्याला ५०ने गुणायचं : हा आयबीयू, कडूपणाचं एकक. साधारण लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे एक आयबीयू. पण ड्राय हॉपिंगच्या बिअरमध्ये हॉप्समधली ह्युम्युलिनोन आणि पॉलिफेनॉल ही इतर द्रव्यंही त्याच प्रकाशात दिसतात, आणि आकडा जिभेच्या पुढे पळतो. शिवाय ५० आयबीयू गोडसर बिअरमध्ये मवाळ आणि कोरडीत करकरीत लागतात. कॅनवरच्या आकड्यावर गुण देऊ नयेत.

अमेरिकेत १९८५ला बीजेसीपी ही परीक्षकांची संस्था निघाली आणि तिचा ५० गुणांचा तक्ता जगभर रुळला. सुवास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. नुसत्या वासाला रूपाच्या चौपट गुण आहेत, हे पुरेसं बोलकं आहे. पंचेचाळीस आणि वर अप्रतिम, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, आणि १३ किंवा खाली सदोष. बिअर ज्या प्रकारात उतरवली असेल त्याच्याशीच ताडून बघतात. अमेरिकन आयपीए म्हणजे ४० ते ७० आयबीयू, मद्यार्क ५.५ ते ७.५ टक्के, रंग सोनेरी ते तांबूस. गढूळपणा तिथे फारसा अपेक्षित नाही. हेझी आयपीएत तोच हवा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून पसरलेला हा हेझी प्रकार अमेरिकी स्पर्धांच्या यादीत २०१८ला शिरला, आणि त्यात कडूपणा मऊ, फळांचा दरवळ भरगच्च अपेक्षित आहे. एकीचे निकष दुसरीला लावले की चांगली बिअर हकनाक मार खाते.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे. महाराष्ट्रात बिअर पिण्याचं वय किमान २१ आहे. चाखणारे त्याहून लहान नसावेत, आणि चार-पाच बिअर असतील तर प्रत्येकी ६० ते ९० मिलिलिटर पुरते. बिअर ७ ते १० अंशांवर हवी. फ्रिजमधली चार अंशांची बिअर बधिर असते, वास उघडत नाही. मेमध्ये टेबलावर चार-पाच मिनिटांतच ती पट्ट्यात येते, म्हणून साधा थर्मामीटर हाताशी ठेवावा. ग्लास तोंडाला निमुळता, तिसरा हिस्साच भरलेला, आणि कोमट पाण्याने खळखळून धुतलेला असावा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि काठावर जाळी धरत नाही.

पहिला वास ओतल्यावर लगेच घ्यावा, कारण नाजूक वास आधी जातात. मग हाताने झाकून फिरवून पुन्हा. ‘फळांसारखा’ असं मोघम लिहू नये. संत्र्याची साल, पपनस, गवती चहा, कच्ची कैरी, पिकला पेरू, दवणा असं नेमकं लिहावं. वाइन चाखणारे थुंकतात, इथे एक घोट गिळावा, कारण मागे रेंगाळणारा कडूपणा गिळल्यावरच कळतो. तो तीस सेकंद बघावा : वाढतो, मावळतो, की घशाला चिकटतो? कडू आणि तुरट यांत गल्लत फार होते. घरच्या घरी फरक पक्का करायला टॉनिक वॉटरचा एक घोट आणि डाळिंबाच्या सालीचा आतला पांढरा भाग चावून बघावा. पहिला कडू पण तुरट नसलेला, दुसरा जीभ आवळणारा. बिअरमध्ये दुसरा प्रकार जास्त असेल तर ड्राय हॉपिंग लांबलं, गाळ नीट बसला नाही किंवा पाण्याचं बिनसलं.

क्रम कमी कडूकडून जास्त कडूकडे, आणि दोन बिअरमध्ये दोन-तीन मिनिटं. मधे पाणी आणि सोलापूरची कडक ज्वारीची भाकरी, बिनमिठाची, तिळाशिवाय. शेंगा चटणी नंतरच. काही हॉप्समध्ये लसूण-कांद्याची छटा खरोखर असते, ती बिअरची आहे की बोटांची हे मग सांगता येत नाही. उदबत्ती, गजरा, अत्तर खोलीबाहेर.

दोषांत लोण्याचा वास म्हणजे डायॲसिटिल. तो नेहमी कच्च्या आंबवणाचाच असतो असं नाही. हॉप्समधली विकरं न आंबणाऱ्या साखरा तोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि कॅन भरल्यावर डायॲसिटिल तयार होतं. प्रकाशाचा दोष वेगळा : उन्हात आयसो-अल्फा आम्लं फुटून गंधकयुक्त घाण वास येतो, आणि हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला सोलापूरच्या उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी बाटली बरीच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो.

इथे सर्वांत जास्त भेटणारा दोष मात्र उष्णतेचा. ब्रुअरांचा एक ठोकताळा आहे : ३ अंशांवर ३०० दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३२ अंशांवर ३ दिवस बिअर सारखीच शिळी होते. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, आणि त्यानंतर दुकानातल्या फळीवरचे दिवस. सुवास आधी ओसरतो, मग ओल्या पुठ्ठ्याचा आणि मधाचा वास येतो, हेझी बिअर करडी-तपकिरी पडते. कडूपणा जागच्या जागी असतो. त्यामुळेच ‘कडक आहे, मस्त आहे’ म्हणून शिळी बिअर पास होते.

शंका असेल तर त्रिकोणी चाचणी करावी. एकाच तारखेचे कॅन घ्यावेत, काही फ्रिजमध्ये, काही तीन दिवस कपाटात. चाखण्याआधी सगळे सारख्या तापमानाला आणावेत. प्रत्येकाला तीन ग्लास द्यावेत, दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या. क्रम बदलता ठेवावा, रंग दिसू नये म्हणून अपारदर्शक ग्लास. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतो. सहा जणांत पाचांनी किंवा बारांत आठांनी वेगळा ग्लास ओळखला तर फरक खरा धरावा. त्या बिअरचा तक्ता मग सतत थंड ठेवलेल्या कॅनवरूनच भरावा, आणि कपाटातल्याची नोंद वेगळ्या कागदावर करावी.