लग्नाच्या उपासनेत कोणती गाणी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वधू चर्चच्या दारात आली की ऑर्गनवर काय वाजवायचं, यावरून घरची मंडळी आणि फादर किंवा पाळक यांच्यात आजही खटके उडतात. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा लग्नाची वेळ सांगतो (सकाळी ६ ते संध्याकाळी ७), साक्षीदार किती हवेत तेही सांगतो. संगीताबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. तो निर्णय चर्चचा.

भांडण मुख्यतः एकाच धूनेवरून आहे. वधू आत येताना वाजणारी ती संथ, ठेक्याची धून 'लोहेनग्रिन' या जर्मन ऑपेरातली, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या संगीतनाटकातली. हा ऑपेरा १८५० मध्ये वायमारला रंगमंचावर आला. त्यात हे समूहगान लग्न लागून गेल्यावर, जोडप्याला शयनगृहाकडे नेताना गातात. आणि त्याच रात्री वधू नको तो प्रश्न विचारते नि संसार मोडतो! बाहेर पडताना वाजणारा मार्च, म्हणजे मिरवत चालण्याच्या ठेक्याची धून, तोही नाटकातलाच, १८४३ च्या पॉट्सडॅममधल्या प्रयोगासाठी रचलेला. १८५८ मध्ये लंडनच्या राजघराण्यातल्या लग्नात तो वाजला आणि प्रतिष्ठेचा झाला. पुढे या दोन्ही धूनांची जोडी जमली आणि इंग्रजी रिवाजाबरोबर आपल्याकडेही आली.

१९०३ मध्ये रोमहून, म्हणजे पोपकडून, कॅथलिक चर्चसाठी आदेश निघाला: चर्चमध्ये नाटकी ढंगाचं संगीत नको, पियानो नको, ढोल-झांजा नकोत. त्याच धोरणातून १९२२ मध्ये अमेरिकेत कॅथलिक संगीतासाठी एक यादी निघाली आणि तिने हे दोन्ही मार्च बाद ठरवले. आजही नकार देताना 'ते ऑपेरातलं आहे' हेच कारण पुढे केलं जातं. हे कारण मला लंगडं वाटतं. नगर किंवा वसईच्या बाकावर बसलेल्या किती जणांना तो ऑपेरा ठाऊक असतो? त्यांच्या कानाला ती फक्त लग्नाची धून आहे.

गंमत अशी की रोमने झांजांना बंदी घातली तेव्हा अहमदनगर भागातले प्रोटेस्टंट ख्रिस्ती टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तनं करत होते आणि मराठी वृत्तांत, भजनांच्या चालींवर गीतं रचत होते. वसईत चित्र वेगळं होतं. पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्ये गेली, तरी चर्चमधली मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लॅटिनमध्येच राहिली. लोकांच्या बोलीतली लग्नगीतं घरी, मांडवात. चर्चच्या दाराबाहेर बँड.

हे चित्र बदललं ते १९६३ मध्ये. त्या वर्षीच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने ग्रेगरियन गायनाचा (जुन्या लॅटिन एकसुरी चर्चगायनाचा) आणि ऑर्गनचा मान कायम ठेवला, पण मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही उपासनेत जागा दिली. मुख्य म्हणजे जमलेल्या सगळ्यांनी सहभागी व्हावं, यावर भर दिला. रोमच्याच १९६७ च्या सूचनापत्राने वाद्यांना एक अट घातली: लोकांच्या मते जी केवळ लौकिक संगीताचीच, ती उपासनेत नकोत. तबला कुठल्या रकान्यात टाकायचा? एकाला तो भजनातला, दुसऱ्याला बैठकीतला. पेटी-तबला हळूहळू रुळले, गिटारही रुळली, पण कुरबुर राहिलीच.

माझ्या मते मार्चवरचा खरा आक्षेपही याच १९६३ च्या भूमिकेतून यायला हवा. धून कुठून आली हा मुद्दा दुय्यम. ती वाजताना मंडळी गप्प उभी राहून फक्त वधूकडे बघते, हा मुख्य. तिथे सर्वांना येणारं प्रवेशगीत घेतलं तर वधूही आत येते आणि उपासनाही सुरू होते. बायबलमधल्या २३ व्या स्तोत्राचं उदाहरण बोलकं आहे. १९४७ मध्ये लंडनच्या राजकन्येच्या लग्नात ते एका स्कॉटिश चालीवर गायलं गेलं आणि तेव्हापासून लग्नांत फार लोकप्रिय झालं. तेच स्तोत्र अंत्यविधीतही गातात, पण त्यावरून लग्नघरी कुणी नाक मुरडत नाही.

अलीकडची डोकेदुखी निराळी. ट्रॅक लावून गाणारे भाड्याचे गायक, व्हिडिओवाल्याच्या सोयीने लांबवलेला प्रवेश, आणि 'एक तरी सिनेगीत होऊ द्या' हा आग्रह. म्हणून अनेक ठिकाणी गाण्यांची यादी आधीच मागून घेतात. काही पाळक मधला मार्ग काढतात: वचनं आणि प्रार्थना चालू असेपर्यंत फक्त उपासनेची गीतं, रजिस्टरवर सह्या चालू असताना किंवा जोडपं बाहेर पडताना हवा तो मार्च. सिनेगीत मात्र हॉलवर.